क्रॉसिंगजवळचे पाच मीटर

पादचाऱ्यांच्या सुरक्षिततेला विरोध करणारा नगरसेवक जगात कुठेही सापडणार नाही. तसा ठराव मांडा, बाके वाजवून मंजूर होईल. निधी मिळेल, पांढरे पट्टे रंगवले जातील, फलक लागतील, फोटोही निघतील. आता त्याच ठरावात एक वाक्य वाढवा: या क्रॉसिंगला चिकटून उभ्या राहणाऱ्या दोन मोटारींची जागा बंद करण्यात येत आहे. मग बघा. सह्यांची निवेदने येतात, शिष्टमंडळे भेटतात, विषय 'अधिक अभ्यासासाठी' पुढच्या सभेकडे ढकलला जातो. अखेरीस पट्टे राहतात आणि मोटारीही राहतात.

क्रॉसिंग सुरक्षित करायचे की नाही हा निर्णय बहुतेक ठिकाणी क्रॉसिंगची चर्चा चालू असताना होतच नाही. तो पार्किंगच्या चर्चेत होऊन जातो, आणि त्या चर्चेत पादचारी जवळपास नसतोच. म्हणून माझे म्हणणे सरळ आहे. क्रॉसिंगच्या आधीचे पाच-सहा मीटर मोकळे असणे हे रस्त्याच्या बांधणीचे माप मानावे, पुलाला कठडा असावा तसे. त्यावर हरकती-सूचना मागवू नयेत. हरकती मागवायच्याच तर तिथून हललेल्या मोटारी कुठे जाव्यात यावर मागवाव्यात.

थोडे जवळून बघू. कडेने मोटारींची रांग आहे, आणि वाहने ज्या बाजूने येतात त्या बाजूला, अगदी पट्ट्यांना नाक टेकवून, एक उंच चौकोनी व्हॅन उभी आहे. फुटपाथच्या कडेवरच्या माणसाला व्हॅन दिसते, रस्ता दिसत नाही. येणाऱ्या चालकालाही व्हॅन दिसते, माणूस दिसत नाही. मग माणूस खाली उतरतो, व्हॅनच्या रुंदीइतका, म्हणजे साधारण दोन मीटर पुढे जातो आणि तिच्या कोपऱ्याशी थांबून मान बाहेर काढतो. ही कसरत इतकी अंगवळणी पडलेली असते की आपण ती करतो हे लक्षातही येत नाही. पण मान आधी बाहेर काढणे धडधाकट, उंचपुऱ्या माणसालाच जमते. व्हीलचेअरवरच्या माणसाची आधी पावले बाहेर येतात. बाबागाडी ढकलणाऱ्या आईच्या आधी बाळ बाहेर येते. सहा वर्षांच्या मुलाची उंची सरासरी ११५ सेंटिमीटरच्या आसपास असते आणि मोठ्या एसयूव्हीचे बॉनेटच जमिनीपासून मीटरभर उंच. तिच्या पुढून रस्ता ओलांडणाऱ्या मुलाचे फार तर डोके दिसेल.

आता चालकाच्या बाजूने हिशेब. ब्रिटनच्या हायवे कोड या वाहतूक नियमपुस्तिकेत थांबण्याची अंतरे दिलेली आहेत. ताशी ३० मैलांना, म्हणजे सुमारे ४८ किलोमीटरला, गाडी थांबायला २३ मीटर लागतात. त्यातले ९ मीटर पाय ब्रेकवर जाण्याआधीच संपलेले असतात. ताशी २० मैलांना, म्हणजे ३२ किलोमीटरला, हेच अंतर १२ मीटर होते. व्हॅनच्या आडून बाहेर आलेला माणूस गाडीच्या वाटेत यायला जेमतेम एक सेकंद लागतो, आणि तेवढ्यात ४८च्या वेगातली गाडी १३ मीटर पुढे आलेली असते. म्हणजे दोघेही सावध असले, दोघेही नियमाने वागत असले, तरी गणित जुळत नाही.

अपघात झालाच तर कागदावर कारण लिहिले जाते: पादचारी अचानक रस्त्यावर आला. अचानक म्हणजे व्हॅनच्या आडून. पण व्हॅनचा उल्लेख सहसा नसतो. तिने कुणाला धडक दिलेली नसते, आणि पंचनामा होईतो बऱ्याचदा तिचा मालक ती घेऊन गेलेलाही असतो. आकडेवारीत न येणारी गोष्ट धोरणात कशी येणार?

क्रॉसिंगजवळची जागा मोकळी ठेवण्यात नवे काहीच नाही. जर्मनीच्या वाहतूक नियमांत पादचारी क्रॉसिंगवर आणि त्याच्या आधीच्या ५ मीटरांत थांबायलाही मनाई आहे. जपानमध्ये क्रॉसिंगच्या अलीकडे-पलीकडे ५-५ मीटर. ब्रिटनमध्ये झेब्रा क्रॉसिंग १९५१पासून आहेत, आणि त्यांच्या दोन्ही अंगांना नागमोडी पांढऱ्या रेषा आल्या १९७१मध्ये. त्या रेषांवर गाडी उभी केली तर नुसता दंड होत नाही, परवान्यावर दंडाचे गुणही चढतात. अमेरिकेत न्यूजर्सी राज्यात २५ फुटांचा नियम आहे. कॅलिफोर्नियाने २०२३मध्ये कायदा करून २० फूट ठरवले, पट्टे रंगवलेले असोत वा नसोत. भारतातही १९८९च्या रस्ता वापराच्या नियमावलीत पादचारी क्रॉसिंगजवळ गाडी उभी करायला मनाई होती. फक्त 'जवळ' म्हणजे किती हे तिथे लिहिलेले नव्हते, आणि न लिहिलेले माप कुणी टेप घेऊन मोजत नाही.

म्हणजे अडचण ज्ञानाची नाही. घोडे अडते ते स्थानिक पातळीवर. वरच्या सरकारने नियम केला तरी फलक लावणे, रंग मारणे, खांब रोवणे आणि दंड करणे ही कामे खाली होतात, आणि खाली प्रत्येक कोपऱ्याला एक ओळखीचा चेहरा असतो. न्यूयॉर्कचे उदाहरण बोलके आहे. तिथल्या राज्य कायद्यात चौकातल्या क्रॉसिंगपासून २० फूट मोकळे ठेवण्याचा नियम आहे. पण शहराला स्वतःचा वेगळा नियम करण्याची मुभा आहे, आणि न्यूयॉर्क शहराने ती वापरून बहुतेक कोपऱ्यांवर मोटारी उभ्या करू दिल्या. देशातले सर्वांत जास्त पायी चालणारे शहर, आणि तिथेच ही सूट!

सुनावणी कशी चालते ते कुणीही कल्पू शकेल. ज्याची गाडी रोज त्या जागी उभी राहते त्याला आपण काय गमावणार हे नेमके ठाऊक असते, म्हणून तो येतो. दुकानदार येतो. सोसायटीचे पदाधिकारी लेटरहेडवर पत्र देतात. पुढच्या वर्षी त्या व्हॅनच्या आडून बाहेर येताना जिला धडक बसणार आहे ती बाई मात्र येत नाही, कारण ती आपणच हे तिला ठाऊक नाही. मुले येत नाहीत. दुपारी तीनच्या सुनावणीला रोजंदारीवरचा माणूस येत नाही. तो चालतो सर्वांत जास्त आणि बोलतो सर्वांत कमी. अधिकारी मग प्रामाणिकपणे टिप्पणी करतात: विरोधात इतके, बाजूने इतके. हरकतींची मोजणी अचूक असते. फक्त ज्यांचा जीव पणाला आहे त्यांची मोजणी झालेली नसते. याला लोकशाही म्हणायला माझी ना नाही, पण अपुऱ्या पटावर घेतलेल्या मतदानाला आपण एरवी काय म्हणतो?

दुसरी पाचर आकड्यांची. 'या ठिकाणी गेल्या तीन वर्षांत गंभीर अपघाताची नोंद नाही' हे उत्तर अर्ज करणाऱ्यांच्या चांगले परिचयाचे असते. त्याचा सरळ अर्थ, आधी कुणीतरी जायला हवे. शिवाय जी जागा उघडच भयंकर आहे तिथे लोक ओलांडतच नाहीत. वळसा घालतात, रिक्षा करतात, म्हाताऱ्या माणसांचे बाहेर पडणेच बंद होते. मग नोंद शून्य राहते आणि तीच शून्य नोंद सुरक्षिततेचा पुरावा म्हणून फाइलला लागते. ब्रिटनमध्ये क्रॉसिंग द्यायचे की नाही हे ठरवायला अनेक वर्षे एक सूत्र वापरले जाई: तासाला ओलांडणाऱ्या पादचाऱ्यांची संख्या गुणिले वाहनांच्या संख्येचा वर्ग. उत्तर दहा कोटींच्या पुढे गेले तर विचार करायचा. सूत्र वाईट हेतूने केलेले नव्हते, पैसे मर्यादित असताना कुठेतरी रेघ ओढावी लागते. पण वाहनांचा वर्ग आणि माणसांची साधी संख्या, हे बघून मला तरी थबकायला होते. आणि ज्यांनी भीतीने ओलांडणे सोडले ते त्या गुणाकारात नसतातच. मोकळ्या कोपऱ्याला असल्या चाळणीतून जायला लावण्याचे कारणच नाही. सिग्नलला लाखांचा खर्च येतो. दोन मोटारी न उभ्या करायला रंगाचा डबा आणि चार खांब लागतात.

रंगाचा विषय निघालाच आहे तर पट्ट्यांबद्दल थोडे सविस्तर बोलायला हवे, कारण पालिकांचे पट्ट्यांवर फार प्रेम. स्वस्त असतात, एका रात्रीत होतात आणि दिसतात. अमेरिकेच्या महामार्ग प्रशासनासाठी चार्ल्स झेगीर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ३० शहरांतल्या २००० जागा तपासल्या होत्या, १००० पट्टे असलेल्या आणि १००० नसलेल्या. त्यांचा अंतिम अहवाल २००५चा. दोन लेनच्या रस्त्यांवर नुसत्या पट्ट्यांनी फारसा फरक पडलेला दिसला नाही. पण अनेक लेनच्या आणि दिवसाला १२ हजारांहून अधिक वाहने जाणाऱ्या रस्त्यांवर, सिग्नल वगैरे दुसरे काही न करता नुसते पट्टे मारलेल्या जागी पादचाऱ्यांच्या अपघातांचे प्रमाण पट्टे नसलेल्या जागांपेक्षा जास्त निघाले.

हे ऐकून काही अधिकारी पट्टेच पुसायला निघतात, तो भाग वेगळा. कारण समजून घेतले तर पट्टे दोषी नाहीत. पहिल्या लेनमधला सज्जन चालक थांबतो, पादचारी त्याला हात करून पुढे येतो, आणि शेजारच्या लेनमधून येणाऱ्याला थांबलेल्या गाडीच्या आड काहीच दिसत नाही. म्हणजे पुन्हा तेच, दृष्टी अडवणारे वाहन. फरक इतकाच की हे वाहन माणुसकीने थांबलेले असते. उभ्या मोटारी तीच आडकाठी चोवीस तास, फुकट, आणि पालिकेच्या संमतीने पुरवतात. ब्रिटनच्या त्या नागमोडी रेषांमध्ये पार्किंगइतकीच, क्रॉसिंगच्या सर्वांत जवळ असलेल्या गाडीला ओलांडून पुढे जायलाही मनाई आहे, ती याचसाठी. दोन्ही मनाया एकाच कारणातून आल्या आहेत: पट्ट्यांवरचा माणूस दिसला पाहिजे.

दुकानदारांचा विरोध सर्वांत जोरकस असतो, आणि तो खोटाही नसतो. समोरची जागा गेली तर गिऱ्हाईक जाईल ही भीती खरी असते. अंदाज मात्र बहुधा चुकलेला असतो. ब्रिस्टल शहरात २००६मध्ये सस्ट्रान्स या संस्थेने दुकानदारांना विचारले, तुमचे किती ग्राहक मोटारीने येतात? सरासरी उत्तर आले ४१ टक्के. ग्राहकांनाच विचारले तेव्हा आकडा निघाला २२ टक्के. असे का होते हे समजणे अवघड नाही. मोटारीने येणारा जागेबद्दल कुरकुरतो, म्हणून लक्षात राहतो. चालत आलेला वस्तू घेतो आणि निघून जातो. आणि बरेचदा त्या दोन जागांवर सकाळपासून उभी असलेली गाडी खुद्द दुकानदाराचीच असते, हे सभेत कुणी बोलत नाही.

सगळ्याच हरकती मात्र अशा बाजूला सारता येणार नाहीत. अपंग व्यक्तीची राखीव जागा कोपऱ्यावर असेल तर ती काढताना त्याच गल्लीत, तितक्याच जवळ दुसरी दिल्याशिवाय पहिलीला हात लावू नये. मालाची चढउतार हाही खरा प्रश्न आहे. टेम्पोला जागा दिली नाही तर तो बरोबर क्रॉसिंगवरच उभा राहतो, आणि मग केलेले सगळे पाण्यात. चढउतारीची जागा गल्लीच्या मध्यावर आखून द्यायला हवी, वेळा ठरवून. जुन्या वस्त्यांत घराला वाहनतळ नाही, त्या माणसाने गाडी कुठे ठेवायची हेही विचारावेच लागेल. जपानने हा प्रश्न १९६२च्या कायद्याने वेगळ्या टोकाने सोडवला: गाडी ठेवायला रस्त्याबाहेर जागा आहे हे आधी दाखवा, मग नोंदणी. साठ वर्षांनी तो धडा तसाच उचलणे कुठल्याही शहराला सोपे नाही, हे मान्य. पण गाडी विकत घेताना जागेचा विचार मालकाने करायचा की तो भार क्रॉसिंगवर टाकायचा, एवढे तरी ठरवता येते.

सर्वांत वजनदार हरकत अभियंत्यांची आहे. कोपरा मोकळा झाला की वळणारी गाडी तो कोपरा खाते. समोर उभी मोटार नसली की चालक वेग न उतरवता, आतून कापत वळतो, म्हणजे दिसण्यात मिळवलेले वेगात गमावले. न्यूयॉर्कच्या वाहतूक विभागाने जानेवारी २०२५मध्ये नेमका हाच मुद्दा मांडला: नुसता फलक लावून मोकळ्या ठेवलेल्या कोपऱ्यांचा लाभ आकडेवारीत दिसत नाही, उलट इजा वाढण्याचीही शक्यता आहे. पादचाऱ्यांच्या संघटनांनी त्या अहवालाच्या पद्धतीवर सडकून टीका केली. मला हा अहवाल पूर्ण पटत नाही, पण त्यातला इशारा पटतो. मोकळी जागा नुसती मोकळी सोडायची नसते. तिथे मोटार शिरणार नाही, पण नजर आरपार जाईल असे काहीतरी हवे: कमरेएवढे खांब, सायकली लावायचे स्टँड, बुटक्या झाडांचे वाफे, किंवा सरळ फुटपाथच पुढे काढलेला. फुटपाथ पुढे काढला की ओलांडायचे अंतर कमी होते, वळण घट्ट होते, आणि पादचारी जिथे उभा राहतो तिथूनच दिसतो. मान बाहेर काढायची वेळच येत नाही. आणि फलक वाचायला माणूस लागतो, दंड करायला दुसरा माणूस लागतो. खांबाला दोन्ही लागत नाहीत.

हे करून दाखवलेले शहर म्हणून होबोकेनचे नाव घेतले जाते. न्यूयॉर्कच्या समोर, नदीपलीकडचे साठ हजार वस्तीचे दाट गाव. जागेची टंचाई अशी की पार्किंगवरून भांडणे व्हावीत. तिथे पालिकेने रस्ते दुरुस्तीला काढताना एकेक करून कोपरे मोकळे केले, खांब आणि सायकल स्टँड बसवले, कुठे पावसाचे पाणी जिरवणारे वाफे केले, २०२२मध्ये वेगमर्यादा शहरभर ताशी २० मैलांवर आणली. जानेवारी २०१७नंतरच्या सात वर्षांत तिथे रस्ते अपघातात एकही माणूस दगावला नाही. श्रेय एकट्या मोकळ्या कोपऱ्यांचे नाही. वेग, सिग्नलच्या वेळा, फुटपाथ, सगळे त्यात आले. लहान गावाचा अनुभव महानगराला जसाच्या तसा लागू होत नाही, हेही खरे. पण 'आमच्याकडे जागाच नाही' हे कारण तरी होबोकेनपुढे टिकत नाही.

राजकीय किंमत मात्र मोजावी लागते, तिच्याकडे डोळेझाक नको. कोलंबियातल्या बोगोटा शहराचे महापौर एन्रिके पेन्यालोसा यांनी १९९८नंतर फुटपाथवर चढलेल्या मोटारी खांब रोवून खाली उतरवल्या, तेव्हा त्यांना पदावरून घालवण्याची मोहीम उघडली गेली. पार्किंग हा कुठल्याही राज्यघटनेने दिलेला हक्क नाही, असे ते सांगत राहिले आणि खांब रोवत राहिले. दर ठिकाणी असा हट्टी महापौर मिळेल यावर विसंबून धोरण आखता येत नाही. म्हणून तर नियम असा हवा की त्यात नगरसेवकाला कोपऱ्यागणिक शौर्य गाजवावे लागू नये. गल्लीतल्या मतदाराला तोंड देताना 'माझ्या हातात नव्हते, माप ठरलेले आहे' असे म्हणता येणे ही त्याच्यासाठी मोठी सोय आहे. अग्निशमनाच्या गाडीसाठी किती रुंद वाट सोडायची यावर आपण प्रभागात मतदान घेत नाही, आणि त्याबद्दल लोकशाही धोक्यात आल्याची तक्रारही कुणी करत नाही.

कामाची वेळही त्यातच बांधता येते. रस्ता कधी ना कधी डांबरीकरणाला निघतोच, नळासाठी-तारांसाठी खणला जातोच. नवा थर पडल्यावर पट्टे पुन्हा आखायचेच असतात, तेव्हाच क्रॉसिंगजवळच्या पार्किंगच्या रेषा आखायच्या नाहीत, एवढे निविदेत लिहावे. वेगळा निधी नको, वेगळी मोहीम नको. शाळा, दवाखाने, बस थांबे यांच्याजवळच्या क्रॉसिंगना मात्र डांबराची वाट बघायला लावू नये.

फ्रान्सने २०१९च्या वाहतूकविषयक कायद्यात साधारण हेच केले. क्रॉसिंगच्या आधीच्या ५ मीटरांत मोटारींना जागा आखायची नाही, आणि आधीच आखलेल्या जागा ३१ डिसेंबर २०२६पर्यंत काढून टाकायच्या. त्या पाच मीटरांत सायकली मात्र ठेवता येतात, कारण सायकलींच्या वरून पलीकडचे दिसते. तिथल्या पालिकांपुढे आता जागा सोडायची का हा प्रश्न उरलेला नाही. सायकलींचे स्टँड कुठल्या कोपऱ्यावर, वाफे कुठल्या, खांब कुठल्या आणि आधी कुठली गल्ली, यावर त्यांनी खुशाल वाटेल तितक्या सभा घ्याव्यात.